वरची आणि खालचा

उत्सवाच्या दिवशी त्या भागात गाड्यांना बंदी असते, खरं तर शहाण्या माणसांनाही असावी. नाट्यगृहापासून संग्रहालयापर्यंतचा सगळा रस्ता तेवढ्या एका दिवसापुरता कलावंतांच्या ताब्यात जातो. कोणी डांबरावर खडूने समुद्र काढतं, कोणी खिडकीत उभं राहून कविता ओरडतं, कोणी अंगभर चंदेरी रंग फासून पुतळा होतं आणि त्या पुतळ्याच्या नाकावर माशी बसली तरी लोक टाळ्या वाजवतात. कुठे काय सुरू होईल याचा नेम नसतो. बाकावर बसलेले दोन म्हातारे एकदम उठून नाचायला लागतात, भाजीची पिशवी घेतलेली बाई चालता चालता गायला लागते. लोकांना याची इतकी सवय झाली आहे की आरडाओरडा ऐकू आला की ते गोल करून उभे राहतात, मोबाइल काढतात आणि कधी टाळ्या वाजवायच्या याची वाट बघतात. या सवयीपायी त्या वर्षी काय झालं, तेच सांगायचं आहे.

शिडीचं खरं नाव तिला स्वतःलाही जरा आठवावंच लागायचं. शाळेत असल्यापासून ती वर्गातल्या फळ्याहून उंच दिसायची, म्हणून शिडी. शिवाय घरचा धंदाही उंचीचाच. गुडघ्याखाली लांब लाकडी काठ्या पट्ट्यांनी बांधायच्या, वरून त्या झाकतील असा लांबलचक पायजमा सोडायचा आणि दुकानांच्या पाट्यांना डोकं लागेल इतक्या उंचीवरून मिरवणुकीत चालायचं. आधी बाबा चालायचे, मग ताई चालली, आता शिडी. बाबांचे गुडघे गेल्यापासून ते पुढे हातगाडीवर ड्रम ठेवून वाजवत असत आणि आपण अजूनही सगळ्यांच्या वरच आहोत अशा थाटात बघत असत.

काठ्यांवर चालणाऱ्याला थांबता येत नाही. थांबला की तोल गेला, त्यामुळे उभ्या उभ्याही पाय नाचवत राहावं लागतं. त्याला स्वतःच्या पायाखालचंही दिसत नाही. म्हणून प्रत्येक वरच्या माणसाबरोबर एक खालचा असतो. तो पट्ट्या बांधतो, गर्दी बाजूला सारतो, पायाखाली आलेलं केळीचं साल उचलतो आणि वेळ आलीच तर पडणाऱ्याला झेलतो. खालच्याचं खरं कसब मात्र डोळ्यांत असतं. तो पायांकडे बघत नाही, वरच्याच्या नजरेकडे बघतो. जिकडे नजर गेली, तिकडे पुढचं पाऊल पडणार; ते पडायच्या आत तिथली जागा मोकळी झाली पाहिजे.

आणि या कामात भावोजींचा हात धरणारा कोणी नव्हता. ताई काठ्यांवर चालायची तेव्हा तो तिचा खालचा होता. तिच्या मनात डावीकडे वळायचं आलं की हा आधीच डावीकडे उभा. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होणार? आपल्याला न सांगता कळणारा माणूस मिळाला म्हणून ताई लग्नात नुसती हसत होती. पुढे चार भिंतींच्या आत तेच कळणं तिच्या मुळावर आलं. ती दाराकडे जायच्या आत, तिने नुसतं दाराकडे बघितलं की कानाखाली बसायची. "कुठे निघालीस?" "कुठेच नाही." "मग दाराकडे का बघितलंस?" मागच्या थंडीत त्याने तिला जिन्यावरून ढकललं. कमरेचं हाड मोडलं, ताईचं काठ्यांवरचं चालणं कायमचं संपलं. दवाखान्यात हाच उशाशी बसून तिला फळं कापून भरवत होता. डॉक्टरांना म्हणाला, कामावर पडली. बाबांनी ते मानलं, कारण न मानलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. "संसारात भांड्याला भांडं लागतंच," एवढं बोलून ते ड्रमचं कातडं ताणत बसले. त्या दिवशी शिडीला बापाची किळस आली होती.

उत्सवाच्या आधल्या आठवड्यात भावोजीने काठीचा चामडी पट्टा ताईच्या गळ्याभोवती आवळला. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं, ओठ निळे पडले, तेव्हा कुठे सोडला. वर शांतपणे म्हणाला, "पुढच्या वेळी सोडणार नाही." तो बोललेलं करतो, हे दोघी बहिणींना चांगलंच ठाऊक होतं.

नाट्यगृहामागच्या कपड्यांच्या तंबूत पायजमा उसवून बसल्या असताना ताईने विषय काढला. गळ्याला रुमाल बांधलेला होता.

"मिरवणुकीच्या दिवशी मी जाते गं," ती सुईत दोरा ओवत म्हणाली.

"कुठे?"

"ते तुला सांगणार नाही. तुला माहीत असलं तर तो काढून घेईल."

"मग माझ्याशी बोलतेस कशाला?"

"कारण तेवढ्या दिवशीच तो बांधलेला असतो. तू वर असलीस की त्याला हलता येत नाही. खालचा सोडून गेला तर वरची मेली, एवढं तरी तो पाळतो. बाकी त्याला काही पवित्र नाही, पण हे आहे." ताईने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही संग्रहालयाकडे वळलात की मी मागच्या गल्लीने बाहेर पडणार. तू फक्त चालत राहा. त्याला गुंतवून ठेव."

"एवढंच?"

"एवढंच. आणि शिडे, काही झालं तरी माझ्याकडे बघू नकोस."

हे सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा करून बघावं.

त्या दिवशी ऊन चांगलं कडकडीत होतं. नाट्यगृहाच्या पायऱ्यांशेजारच्या उंच ओट्यावर शिडी बसली आणि भावोजींनी तिच्या पट्ट्या बांधल्या. त्याचे हात त्या कामात इतके हलके होते की शिडीच्या अंगावर काटा आला.

"घट्ट झालं का गं? रग लागली तर सांग. लपवू नकोस."

"नाही भावोजी, बरोबर आहे."

"आज गप्प गप्प आहेस."

"झोप नाही झाली."

त्याने वर तिच्या तोंडाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग खांद्याचा आधार देऊन तिला उभी केली. बाबांचा ड्रम वाजला आणि मिरवणूक निघाली.

पहिला अर्धा रस्ता शिडी झकास चालली. पहिल्या मजल्यावरच्या सज्जातून एका आजीने तिला हात दिला, तो तिने वाकून हलवला. पिपाणीवाला तिच्या पावलांवर ताल धरून मागे मागे येत होता. खाली भावोजी हातातल्या काठीने गर्दी बाजूला करत होता, मध्येच वर बघत होता, पुन्हा गर्दीत शिरत होता. मान सरळ, नजर समोर, संग्रहालयाच्या घुमटावर. शिडी मनातल्या मनात स्वतःला बजावत होती, घुमट बघ, घुमट बघ.

चित्रशाळेची लांब भिंत आली. भिंतीपलीकडे ती मागची गल्ली. रस्त्यावरच्या कोणालाही भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. शिडीला दिसत होतं. तिच्या कमरेला लागेल एवढीच होती ती भिंत. आपण बघायचं नाही असं ठरवलेलं तिला पक्कं आठवत होतं. पण डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी हललं आणि थांबलं. तंबूतला विदूषकाचा पिवळा कोट ताईने अंगावर चढवला होता. ती गल्लीत एका पायरीवर बसली होती, कंबर धरून. पिशवी बाजूला पडली होती. उठायचा प्रयत्न करत होती आणि उठता येत नव्हतं.

शिडीने बघितलं. ऊठ ना गं, म्हणून बघितलं. बहीण होती ती तिची.

खाली भावोजी सवयीप्रमाणे डावीकडे सरकला. "चला, बाजूला व्हा, डावीकडे येतेय," म्हणत त्याने भिंतीलगतची माणसं हटवली आणि वळणाऱ्या पावलाची वाट बघत उभा राहिला. पाऊल वळलं नाही. काठ्या सरळच चालल्या होत्या. त्याने वर बघितलं. शिडीने झटकन मान फिरवून घुमटाकडे केली आणि तिथेच सगळं संपलं.

"काय आहे तिकडे?"

"फुगे होते, भावोजी."

"भिंतीमागे फुगे?"

भावोजीने हातातली काठी खाली टाकली. आजवर इतक्या वर्षांत भरगर्दीत त्याने ती कधी टाकली नव्हती. एका माणसाला कोपराने ढकलून तो भिंतीच्या टोकाला असलेल्या कमानीकडे पळाला.

"बाबा!" शिडी ओरडली. ड्रम वाजतच राहिला.

मग तिने मिरवणूक सोडली आणि आडवी सुटली. खाली वाट करून देणारा कोणी नाही, समोर माणसांचा चिखल. "व्हा बाजूला! मारून टाकेल तो तिला! बाजूला व्हा!" ती जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि लोक काय करत होते? हसत होते. काठ्यांवरची बाई धावते आहे, केस सुटले आहेत, छान रंगात आली आहे. कोणीतरी शीळ घातली. दोन पोरींनी तिच्या दोन काठ्यांच्या मधून पळून जायची पैज मारली आणि शिडी त्यांच्यावर पडता पडता वाचली. खडूच्या समुद्रावरून ती धडाधड गेली तेव्हा तो चित्रकार तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मागे धावला. त्या सगळ्या गर्दीत तेवढा एकच माणूस तिच्यावर खरोखर चिडला होता.

कमान बुटकी होती. काठ्या बांधून तिच्याखालून जाणं शक्यच नव्हतं. शिडीने भिंतीचा माथा धरला आणि पलीकडे बघितलं.

भावोजी बरोबर भिंतीखालीच होता. ताईचे केस त्याने मनगटाला गुंडाळले होते आणि तिचं डोकं तो भिंतीवर आपटत होता. घाई नव्हती. आपटायचा, थांबायचा, काहीतरी विचारायचा, पुन्हा आपटायचा. पिवळ्या कोटाची कॉलर लाल झाली होती. मग त्याने केस सोडले आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. ताईच्या टाचा फरशीवर घासल्या गेल्या. ती ओरडत नव्हती, तिला ओरडता येतच नव्हतं.

शिडी भिंतीवर बसली. एक काठी पलीकडे टाकली, मग दुसरी. काठ्यांवर चालायला शिकताना आधी पडायला शिकवतात: माणसं असतील तिकडे पडायचं नाही, मोकळी जागा बघायची, गुडघे पुढे घ्यायचे. बाबांनी हे छड्या मारून शिकवलं होतं. शिडीने माणूस बघितला, नीट नेम धरला आणि ओरडली, "भावोजी, पडले!"

त्याने वर बघितलं. आणि ताईचा गळा सोडून दोन्ही हात पसरले. त्याने काही विचार केला नसणार, हातांनीच केला असणार. शिडीला ठाऊक होतं तो झेलायला येईल. त्याच भरवशावर तिने उडी टाकली होती, आणि तिला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही, नंतरही नाही.

डावी काठी त्याच्या खांद्यात बसली. हाड मोडल्याचा आवाज आला आणि काठीही मधोमध मोडली. दोघं एकमेकांवर कोसळले. शिडीचं कपाळ फरशीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. भावोजीचा एक हात खांद्यापासून लोंबत होता, तो गुरासारखा हंबरला.

"ताई, पळ!"

ताई भिंतीला धरून उभी होती, खोकत होती. ती बहिणीकडे यायला लागली.

"इकडे नको येऊस! जा म्हणते ना!" शिडी किंचाळली. "आत्ता थांबलीस तर आयुष्यभर तोंड बघणार नाही तुझं! जा, मूर्ख!"

ताईने पिशवीही उचलली नाही. एक पाय ओढत ती गल्लीच्या टोकाला गेली. तिथे गल्लीला दोन फाटे फुटतात. शिडीने ती कोणत्या बाजूला वळली ते बघितलं आणि ताबडतोब डोळे मिटून घेतले.

भावोजी उठला. त्याने दोन पावलं टाकली असतील, तोच शिडीने त्याच्या घोट्याला मिठी मारली. त्याने दुसऱ्या पायाने लाथ घातली, ती तोंडावर बसली. दात हलले, तोंड रक्ताने भरलं. तिने सोडलं नाही. दुसरी लाथ बरगडीत, तिसरी कानावर.

"कुठे वळली?"

शिडीने डोळे आणखी घट्ट मिटले.

"डोळे उघड. शिडे, डोळे उघड म्हणतो ना!"

"नाही उघडत. काय करशील?" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीत बोलली होती. "फोड."

तो खाली बसला. आता त्याच्या आवाजात सकाळी पट्ट्या बांधतानाचाच मऊपणा होता. "माझं काही वाकडं नाही तुझ्याशी. तिला घरी न्यायचंय फक्त. कुठल्या बाजूला?"

एव्हाना कमानीतून लोक आत आले होते. त्यांनी गोल केला होता. पिपाणीवालाही आला, त्याने परिस्थिती बघितली आणि एक करुण सूर लावला. चांगला वाजवत होता, मेला. मोबाइल वर झाले. कोणीतरी शेजारणीला हळू आवाजात सांगत होतं की रक्ताचा रंग जरा जास्तच लाल केलाय यांनी.

भावोजीने चांगल्या हाताने शिडीची दुसरी, न मोडलेली काठी उचलली. ती गुडघ्याखाली घट्ट बांधलेली होती. सकाळी त्यानेच बांधली होती, आणि त्याच्या गाठी सुटत नसत. त्याने तिच्या मांडीवर गुडघा रोवला आणि काठी एका बाजूला वळवायला लागला.

तेव्हा शिडीला कळलं की आता दुसरी गोष्टही करायची नाही. ओरडायचं नाही. ताई अजून लांब गेलेली नसणार. कंबर मोडलेली बाई कितीशी चालणार? आणि धाकट्या बहिणीची किंकाळी ऐकून ती परत फिरल्याशिवाय राहणार नव्हती. लहानपणी शिडी पाळण्यातून पडली होती तर ही चुलीवरचं दूध टाकून धावली होती. शिडीने स्वतःची बाही तोंडात कोंबली आणि दातांखाली धरली.

काठी वळत गेली. नडगीतून कळ उठून डोक्यात गेली. गुडघा अजून जागेवर होता आणि पायाचा पंजा दुसरीकडेच चालला होता. "कुठल्या बाजूला?" तो विचारत होता. "कुठल्या बाजूला?" तिच्या नाकातून फुसफुस आवाज निघत होता, बंद डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. बाही फाटली तेव्हा तिने स्वतःचा हात चावला.

मग हाड मोडलं. भिजकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि पिपाणी बंद पडली. तो आवाज बनवलेला नव्हता, एवढं पिपाणीवाल्याला कळलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात नेला. पण मागच्यांना काही दिसलं नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या भरपूर वाजल्या.

त्या टाळ्यांमधून बाबा आले. ड्रम मध्येच सोडून ते शोधत आले होते. मुलीचा पाय त्यांनी बघितला. जावयाच्या हातातली काठी बघितली. भिंतीवरचं रक्त बघितलं, त्यात चिकटलेले लांब केस बघितले. मोडक्या काठीचा तुकडा उचलून म्हाताऱ्याने जावयाच्या तोंडावर हाणला, मग पुन्हा हाणला, नाक फुटलं तरी हाणला, तो आडवा पडला तरी हाणत राहिला. शेवटी पिपाणीवाल्याने आणि त्या चित्रकाराने दोन्ही बाजूंनी धरलं तेव्हा थांबला. या वेळी मात्र कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिडीला स्पष्टच सांगितलं. पाय जुळेल, चालता येईल, पण काठ्या विसरा. शिडी बरं म्हणाली. पाय प्लास्टरमध्ये बांधून वर टांगला होता, आता त्यालाच तेवढी उंची राहिली होती. भावोजी पोलिसांच्या पहाऱ्यात खालच्या मजल्यावर होता. वकील म्हणाला, नवरा-बायकोचं प्रकरण आहे, फार दिवस आत राहील असं धरून चालू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. बाबांनी तो शिडीच्या कानाला लावला.

"शिडे?" ताईचा आवाज घोगरा होता. "मी पोचले गं. एका बाईंकडे आहे, चांगल्या आहेत. तुला लागलं नाही ना?"

"मला?" हललेल्या दातांमधून शब्द नीट उमटावेत म्हणून शिडी सावकाश बोलत होती. "मला काय होतंय?"

"बोलतेस अशी काय?"

"तोंडात बिस्किट आहे."

"खोटं बोलतेस. तू खोटं बोललीस की मला कळतं. शिडे, खरं सांग, त्याने तुला काही केलं का? काही केलं असेल तर मी आत्ता निघते. मला तसं राहवणार नाही इथे. निघू का?"

शिडीने बोलायला तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच हुंदका आला. तो तिने दाबला, पण तिच्याने शब्द काढवेना. ताई पलीकडून हाका मारत होती.

बाबांनी फोन काढून घेतला. ज्या बापाने लेकीला आजवर एकदाही "घरी ये" किंवा "जाऊ नकोस" म्हटलं नव्हतं, तो खुर्चीत ताठ बसला.

"ऐक," ते म्हणाले. "शिडी ठणठणीत आहे. आत्ताच मिरवणुकीचं सामान पोचवून आली, जेवायला बसलोय आम्ही. तू येऊ नकोस. मी सांगतो म्हणून येऊ नकोस."

"बाबा, तुम्ही रडताय का?"

"छे गं. भाजी तिखट झालीय. आणि हे बघ, इकडे पुन्हा फोन करू नकोस. बरी राहा."

त्यांनी फोन बंद केला. थोडा वेळ ते त्या नंबराकडे बघत बसले. शिडीने तो पाठ करण्यासाठी हात पुढे केला होता. बाबांनी तिच्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि नंबर पुसून टाकला.